वाण न सांगता: घरच्या घरी द्राक्षांची डोळे बांधून परीक्षा

फेब्रुवारीच्या अखेरीस नाशिकच्या कोणत्याही फळगाडीपाशी दहा मिनिटे उभे राहिले, तर गिऱ्हाईक द्राक्षे कशी निवडते ते पाहायला मिळते. लांब मणी दिसला की हात तिकडे वळतो, हिरव्या रंगावर पिवळसर झाक असली की माल गोड असणार असे ठरते, आणि काळ्या द्राक्षांच्या ढिगापाशी "बियांची आहेत का?" एवढे विचारून व्यवहार उरकतो. निवड डोळे करतात, जिभेच्या वाट्याला फार तर चाखायला मिळालेला एक मणी येतो. डोळे बाजूला ठेवून निवड केली तर काय होईल, या कुतूहलातून मी गेली काही वर्षे मार्च महिन्यात घरी सात-आठ जणांना बोलावून वेगवेगळ्या वाणांची द्राक्षे नावे न सांगता चाखायला देतो. कार्यक्रम दीड-दोन तासांचा असला, तरी त्याची तयारी नीट केली नाही तर हाती काहीच लागत नाही, म्हणून येथे तयारीविषयीच अधिक लिहिले आहे.

पहिल्या वर्षी झालेली चूक आधी सांगतो. मी तीन ठिकाणांहून, तीन वेगवेगळ्या दिवशी, जसे मिळाले तसे घड आणले होते. माझ्या सासऱ्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. डोळ्यांवर उपरणे बांधून बसलेल्या सासऱ्यांनी तिसऱ्या वाटीतला मणी तोंडात टाकला, सावकाश चावला आणि ते म्हणाले, "जावईबापू, वाण काय ते नाही सांगता येणार, पण हा माल आठ दिवस आधी तोडलाय." दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे रसातली गोडी मोजणाऱ्या उपकरणाने, उरलेल्या मण्यांचा रस तपासला, तेव्हा त्या घडाचा ब्रिक्स (रसातील साखरेचे साधारण शेकडा प्रमाण) १५ भरला आणि शेजारच्या वाटीतल्या घडाचा २०. म्हणजे आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने जी चर्चा केली, ती वाणांची नव्हतीच. ती लवकर तोडलेल्या आणि वेळेवर तोडलेल्या मालाची होती.

वाण कोणते निवडावेत

महाराष्ट्राच्या बाजारातील बहुतेक हिरवी बिनबियांची द्राक्षे एकाच घराण्यातली आहेत, हे निवड करताना ध्यानात ठेवावे. कॅलिफोर्नियातील विल्यम थॉम्पसन यांच्या नावाने ओळखले जाणारे थॉम्पसन सीडलेस हे या घराण्याचे मूळ. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी त्यातूनच निवडलेला वाण म्हणजे तास-ए-गणेश, आणि सोलापूरजवळच्या नान्नज गावी नानासाहेब काळे यांनी पुढे आणलेला लांब मण्यांचा वाण म्हणजे सोनाका. माणिक चमन हाही त्याच कुळातला. या चौघांना एका ताटात ठेवून पाहुण्यांना गोंधळात टाकण्यात अर्थ नाही. यांपैकी दोनच घ्यावेत, आणि तेही एका खास फेरीसाठी, जिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

खरी गंमत या घराण्याबाहेरच्या वाणांत आहे. नानासाहेब काळे यांनीच किशमिश चोर्नी या वाणातून निवडलेले काळे, बिनबियांचे शरद सीडलेस सहज मिळते आणि ते अवश्य घ्यावे. लाल रंगातले फ्लेम किंवा क्रिमसन यांपैकी एक पुरे. त्यानंतर 'गुलाबी' नावाचे द्राक्ष हवेच. तामिळनाडूतील कंबम खोऱ्यातून येणारे हे बियांचे, गडद रंगाचे द्राक्ष म्हणजे मूळचे मस्कत हॅम्बुर्ग. तामिळमध्ये त्याला पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी, असे म्हणतात आणि ते नाव अगदी नेमके आहे, कारण गुलाबाच्या सुगंधात जी लिनलूल आणि जिरॅनिऑल ही द्रव्ये असतात, तीच मस्कत कुळातील द्राक्षांतही असतात. बंगळूर ब्ल्यू हे तर निराळेच प्रकरण आहे. ते युरोपीय द्राक्षवेलीच्या शुद्ध वंशातले नसून त्यात लॅब्रुस्का या अमेरिकी जातीचा अंश आहे. दाबले की त्याचा गर सालीतून सुळकन बाहेर येतो, आणि त्याला जो दाट, काहीसा रानटी वास असतो तो मुख्यतः मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्याचा. द्राक्षाच्या चवीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या गोळ्यांत आणि सरबतांत हेच द्रव्य वापरतात. त्यामुळे आमच्याकडे लहान मुलांनी डोळे बांधलेले असताना बंगळूर ब्ल्यूला "हे खरं द्राक्ष" आणि थॉम्पसनला "हे काहीतरी पाणीदार फळ" म्हटल्याची नोंद वहीत आहे.

ओळखीने मिळतील तर आणखी काही वाण जरूर मिळवावेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून तयार केलेला एआरआय-५१६, पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा रसासाठीचा मांजरी मेडिका, ज्याचा गरसुद्धा रंगीत असतो, किंवा हैदराबादकडचे जुने, मोठ्या फिकट मण्यांचे अनाब-ए-शाही हे फळगाडीवर सहसा न दिसणारे वाण आहेत. मोठ्या शहरांतील दुकानांत आता परदेशी शाइन मस्कतही दिसते. महाग आहे, पण आठ जणांत एक घड पुरतो. वाइनसाठी लावलेल्या बागेतून शिराझ किंवा शेनिन ब्लाँचा एखादा घड मिळाला, तर सोन्याहून पिवळे. बारीक मणी, जाड साल, भरपूर बिया आणि त्या इवल्याशा मण्यात खाण्याच्या द्राक्षापेक्षाही जास्त साखर, हे अनुभवले की वाइनसाठी वेगळे वाण का लावावे लागतात ते समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा कार्यक्रम ऑगस्ट-सप्टेंबरात करावा, कारण तेव्हा तेथे लॅब्रुस्का वंशातले काँकॉर्ड आणि नावाप्रमाणेच चवीचे कॉटन कँडी ही दोन्ही द्राक्षे बाजारात असतात.

एकूण सहा वाण पुरे आहेत. आठव्या वाटीपर्यंत जीभ गोडीने बधिर होते आणि पाहुणे नुसते खाऊ लागतात.

पिकलेपणा सारखा करणे

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळा कार्यक्रम त्यावरच उभा आहे. आंबा किंवा केळे तोडल्यावर घरी पिकते, द्राक्ष पिकत नाही. वेलीवरून उतरले त्या क्षणी जेवढी साखर मण्यात असेल, तेवढ्यावरच त्याची गोडी थांबते. त्यामुळे कच्चा घड आणून दोन दिवस ठेवला तर तो फक्त सुकतो.

हातात धरायचा, ० ते ३२ ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर बागायतदारांकडे असतोच, विकतही मिळतो. वापरण्याआधी काचेवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून रेषा शून्यावर आणावी, मग रसाचा थेंब टाकून उजेडाकडे पाहावे. एकाच मण्याच्या रसावर विसंबू नये. घडाच्या खांद्याकडचे मणी सहसा टोकाकडच्या मण्यांपेक्षा अधिक पिकलेले असतात, म्हणून वरचा, मधला आणि टोकाचा असे तीन मणी एकत्र चुरडून त्यांचा रस पाहावा. निवडलेल्या वाणांच्या ब्रिक्समध्ये दोनपेक्षा अधिक फरक नसावा, असा माझा नियम आहे. वाइनच्या द्राक्षांना अर्थातच तो लागू होत नाही. उपकरण मिळाले नाही, तर निदान टोकाचा मणी चाखावा. तो गोड असेल तर वरचा घड बहुधा तयार झालेला असतो. मात्र रिफ्रॅक्टोमीटर आंबटपणा मोजत नाही, हे विसरू नये. सारख्याच ब्रिक्सची दोन द्राक्षे, एकात आम्ल कमी आणि दुसऱ्यात जास्त असल्यामुळे, जिभेला अगदी वेगळी लागू शकतात, आणि हा फरक वाणाचाही असू शकतो, म्हणून तो आपल्याला हवाच आहे.

सगळे घड शक्यतो एकाच दिवशी, कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी आणावेत. प्रत्येक वाणाचे अर्धा किलो घेतले की डागाळलेले मणी वगळूनही आठ जणांना पुरते. मण्यावरचा मेणासारखा पांढरट थर नैसर्गिक असतो, त्याला औषधाचा डाग समजून घासत बसू नये. पण घड वाहत्या पाण्याखाली नीट धुवावेत आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडे करावेत. निर्यातीच्या पेटीत बुरशी येऊ नये म्हणून गंधकाचा वायू सोडणारा कागद घातलेला असतो. तशा पेटीतला माल असेल तर पेटी उघडून काही तास हवेशीर ठेवावी, नाहीतर गंधकाचा उग्र वास वाणाच्या खात्यावर मांडला जातो. सर्व वाण एकाच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खाण्यापूर्वी पाऊण तास एकाच वेळी बाहेर काढावेत. थंडगार द्राक्ष कुरकुरीत लागते खरे, पण त्याचा वास दबतो आणि गोडीही कमी वाटते. गुलाबी आणि शाइन मस्कत यांच्यावर तर थंडपणाने अन्यायच होतो.

नजरेपासून काय लपवायचे

डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणजे सगळे लपले, असे मलाही वाटत असे. प्रत्यक्षात जीभ हाताइतकीच चाणाक्ष असते. सोनाकाचा लांबट मणी टाळूला लागला की तो सोनाका आहे हे अर्ध्या क्षणात कळते, आणि मग चव चाखली न जाता नाव आठवले जाते. बिया दाताखाली आल्या की थॉम्पसनचे घराणे आपोआप बाद होते. बंगळूर ब्ल्यूची साल सुटते आणि तो ओळखला जातो.

यावर उपाय म्हणजे मणी आडवे कापून चार-पाच मिलिमीटरच्या चकत्या कराव्यात आणि बिया सुरीच्या टोकाने काढून टाकाव्यात. चकतीत लांबी उरत नाही, बी उरत नाही. पण तिच्यात आणखीही एक गोष्ट उरत नाही: अखंड मणी दाताखाली फुटताना होणारा तो 'कट्' आवाज आणि तोंडात एकदम सुटणारा रस. शरद किंवा क्रिमसन खाण्याचे निम्मे सुख त्यातच आहे, आणि चकती करून त्यांना कमी गुण देणे हे गायकाला माना हलवायला बंदी घालण्यासारखे आहे. म्हणून मी दोन फेऱ्या घेतो. पहिली चकत्यांची, केवळ चव आणि वास यांसाठी. दुसरी अखंड मण्यांची, साल आणि कुरकुरीतपणा यांसाठी, आणि दुसऱ्या फेरीत काही वाण ओळखले जाणार हे गृहीत धरतो. चकत्या फेरीच्या आधी दहा मिनिटेच कापाव्यात, कारण त्या लवकर पाणी सोडतात. पट्टी बांधलेल्या माणसाला अखंड मणी देताना तो बसलेला असावा आणि त्या वेळी हसवाहसवी नसावी. लहान मुलांना अखंड मणी देऊच नयेत, त्यांना उभे चार तुकडे करून द्यावेत. घरात कुत्रा असेल तर वाट्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात, कारण द्राक्षे कुत्र्यांना बाधतात.

खोलीतले वासही लपवावे लागतात. त्या संध्याकाळी उदबत्ती लावू नये, फोडणीचा स्वयंपाक आधी उरकावा, मोगऱ्याचा गजरा आणि अत्तर दुसऱ्या खोलीत ठेवावे, आणि पाहुण्यांना वेलचीचा चहा कार्यक्रम संपल्यावर द्यावा. दोन वाट्यांच्या मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे द्यावेत.

प्रत्यक्ष फेऱ्या

वाट्यांना क, ख, ग किंवा १, २, ३ अशा खुणा करू नयेत, कारण पहिली वाटी श्रेष्ठ असावी असे मन आपोआप धरते. ४७१, ८२६, ३५९ असे मनाला येतील ते तीन अंकी आकडे स्टीलच्या वाट्यांच्या तळाला चिकटवावेत. आकड्यांची आणि वाणांची जोडी एकाच व्यक्तीने ठरवावी, कागदावर लिहून पाकिटात बंद करावी आणि नंतर स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नये. वाट्या नेऊन देणारी व्यक्ती दुसरी असावी, जिला यातले काहीच ठाऊक नाही. हा सोपस्कार अनावश्यक वाटतो खरा, पण आमच्या घरी एका वर्षी वाढणाराच आकडे ठरवणारा होता, आणि गुलाबीची वाटी पुढे करताना त्याच्या आवाजात जो उत्साह येत असे, तो सगळ्यांनी टिपला होता.

प्रत्येकाला वाट्या वेगळ्या क्रमाने मिळाव्यात. याला एकच अपवाद करावा: बंगळूर ब्ल्यू, गुलाबी आणि शाइन मस्कत यांसारखे सुगंधी वाण सर्वांनाच शेवटी द्यावेत, कारण त्यांचा वास तोंडात रेंगाळतो आणि त्यानंतर आलेले थॉम्पसन बिचारे फिके पडते.

नोंदी मुकाट्याने घ्यायच्या, ही अट पहिल्यांदाच घालावी. कोणी "अहाहा" म्हणाले की उरलेल्या सातांचे मत तिथेच विरघळते. डोळे बांधलेल्यांची नोंद वाढणाऱ्याने कानात ऐकून लिहावी. साल, गर, आंबट-गोड, वास आणि गिळल्यावर मागे काय उरले, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. आणि 'गोड' हा शब्द एकटा वापरायला मनाई असावी. गोड म्हणजे उसाच्या रसासारखे, काकवीसारखे, पिठीसाखरेसारखे की पिकलेल्या बोरासारखे, ते सांगावे लागले की माणसे खरोखर चव शोधू लागतात. तुरटपणा सालीत आहे की गरात, हेही विचारावे. पुष्कळांना हे वेगळे करता येते हे त्यांनाच ठाऊक नसते. गुण देण्याऐवजी आवडीचा क्रम लावायला सांगावा, कारण दहापैकी सात म्हणजे काय हे प्रत्येकाचे वेगळे असते. वाणाचे नाव ओळखायला मात्र अगदी शेवटी सांगावे, नाहीतर सगळे लक्ष कोडे सोडवण्यात जाते.

आता त्या थॉम्पसन घराण्यातल्या दोघांची फेरी. थॉम्पसन आणि सोनाका, ब्रिक्स सारखा असलेले, चकत्या करून तीन वाट्यांत घालावेत: दोन वाट्यांत एक वाण, तिसरीत दुसरा. काहींना थॉम्पसन दोनदा, काहींना सोनाका दोनदा, आणि वेगळी वाटी कधी पहिली, कधी मधली, कधी शेवटची. प्रत्येकाने एवढेच सांगायचे की तिघांतली वेगळी कोणती. नुसता अंदाज केला तरी तिघांत एक बरोबर येणारच, म्हणून आठ जणांत दोन-तीन बरोबर उत्तरांना काही किंमत नाही. पाच किंवा अधिक जणांचे उत्तर केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ९ टक्के, आणि सहा किंवा अधिक जणांचे येण्याची सुमारे २ टक्के. म्हणून सहा जणांनी ओळखले तरच चवीत फरक आहे असे म्हणावे. गेल्या वर्षी आमच्याकडे तिघांनी ओळखले. लांब मण्यासाठी किलोमागे जास्त पैसे मोजणारे दोघे त्या तिघांत नव्हते, आणि त्यांनी निकालानंतर उपकरणालाच दोष दिला. लांब मणी दिसायला देखणा असतो आणि पाहुण्यांपुढे ठेवायला चांगला, त्यासाठी पैसे देण्यात वावगे काही नाही. फक्त ते जिभेच्या नावावर देऊ नयेत.

पाकीट उघडताना घाई करू नये. आधी एका आकड्याच्या सगळ्यांच्या नोंदी मोठ्याने वाचाव्यात, मग त्या वाणाचे नाव सांगावे, आणि त्याच वेळी झाकून ठेवलेला अखंड घड ताटात मध्यभागी आणून ठेवावा. असे सहाही वाणांचे झाले की पट्ट्या सोडून तेच मणी पुन्हा चाखायला द्यावेत आणि नवे मत वेगळ्या शाईने, जुन्या मताच्या शेजारी लिहून घ्यावे. माझ्या वहीत आकडा ८२६ समोर सासूबाईंचे डोळे बांधलेले असतानाचे मत निळ्या शाईत आहे: "देवघरात सकाळी येतो तसा वास, साखर कमी पण खावेसे वाटते, पहिला क्रमांक." त्याच्या शेजारी, गुलाबीचा काळपट घड समोर आल्यानंतरचे त्यांचेच मत लाल शाईत आहे: "बिया फार. आणू नयेत."